दुधाच्या पिशव्या धुवायच्या की खिडक्या उघडायच्या?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मी, मिस्टर, पाच वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासऱ्यांना (आम्ही त्यांना नाना म्हणतो) सीओपीडी, म्हणजे धाप लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, रोज पंप घ्यावा लागतो. एप्रिल 2021 मध्ये माझे चुलत सासरे कोविडनं गेले. कुणालाच त्यांचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. तेव्हापासून आई, म्हणजे सासूबाई, दुधाच्या पिशव्या साबणानं धुतात, कुरिअरचा खोका दिवसभर गॅलरीत ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर दारातच सॅनिटायझर. खिडक्या मात्र पावसाळाभर गच्च बंद, कारण नानांना गार वारा बाधतो. मिस्टर म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. आधी मास्क नको म्हणाले, मग घाला म्हणाले. आधी हवेतून पसरत नाही म्हणाले, मग पसरतो म्हणाले. डॉक्टरांनाच काही ठाऊक नाही, तर आपण कशाला डोकं शिणवायचं? सध्या सोसायटीत तापाची साथ आहे, मुलाच्या वर्गातली निम्मी मुलं घरी आहेत. महिन्याभरात आमच्याकडे गौरी-गणपती, तीस-पस्तीस माणसं येतात. यंदा नानांसाठी कुणाला बोलवू नये, असं मी म्हटलं आणि घरात रामायण झालं. नक्की कुणाचं ऐकायचं? असा व्हायरस पसरतो तरी कसा?

— एक सून, डोंबिवली

उत्तर:

गणपती बसवा. माणसंही बोलवा, फक्त सगळी एकदम नकोत आणि बंद खोलीत नकोत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही जरा निवांत वाचाल.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं घेते, कारण ते अजिबात पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 28 मार्च 2020 रोजी ठणकावून सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. मास्कचंही तसंच. मुंबई महापालिकेनं 8 एप्रिल 2020 लाच बाहेर पडताना मास्क सक्तीचा केला, पण सामान्य लोकांनी मास्क वापरावा असं जागतिक संघटना म्हणाली ती थेट 5 जूनला. जुलैमध्ये लिडिया मोराव्हस्का आणि डोनाल्ड मिल्टन या दोघांनी उघड पत्र लिहिलं. 32 देशांतल्या 239 शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. हा विषाणू हवेतून पसरतोय, तसं लोकांना सांगा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यावर संघटनेनं ‘शक्यता नाकारता येत नाही’ इतपतच मान्य केलं. बंद, हवा न खेळणाऱ्या जागेत तो हवेतून पसरू शकतो, हे तिच्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत आलं 30 एप्रिल 2021 रोजी.

ती तारीख पुन्हा वाचा. तुमचे चुलत सासरे गेले त्याच महिन्याचा तो शेवटचा दिवस. आपल्याकडे दुसरी लाट ऐन भरात होती, लोक ऑक्सिजनसाठी वणवण फिरत होते. या उशिराचा मला आजही राग येतो. नवा विषाणू, त्याबद्दल सगळं पहिल्या दिवशी कळणार नव्हतं, ते कुणीही समजून घेतलं असतं. ‘अजून नक्की सांगता येत नाही, तोवर खिडक्या उघड्या ठेवा आणि तोंड झाका’ असं म्हणता आलं असतं. त्याऐवजी ‘नाही’ असं छातीठोक सांगितलं गेलं आणि जगभरच्या घरांत साबण-सॅनिटायझरचे कॅन आले, खिडक्या बंदच राहिल्या.

असं का झालं असेल? त्यामागे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. तेव्हा घाण आणि दूषित हवेतून रोग होतो असा समज पक्का होता. म्हणून गटारं कार्बोलिक नावाच्या जंतुनाशकानं धुतली, घरांना चुना फासला, लोकांचं सामानसुमान जाळलं. प्लेग काही थांबला नाही. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे दाखवलं, आणि त्यालाही लोकांनी बरीच वर्षं मोडीत काढलं. अशा एकेक रोगाचं खरं कारण सापडत गेलं तसा वैद्यकाचा ‘दूषित हवा’ या कल्पनेवरचा विश्वासच उडाला. अमेरिकेत चार्ल्स चेपिन नावाचे आरोग्य अधिकारी होते. 1910 मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं की रोग पसरतात ते स्पर्शातून आणि अगदी जवळून उडणाऱ्या थुंकीतून, हवेचा बाऊ करू नका. लोकांना हवेची भीती घातली तर ते हात धुण्याचा कंटाळा करतील, अशी काळजीही त्यांना होती. तेच डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या शिकल्या. पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब लगेच खाली पडतो, हे आम्हीही कॉलेजात पाठ केलेलं. प्रत्यक्षात स्थिर हवेत पाच मायक्रॉनचा कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास तरी घेतो. चटकन खाली पडतात ते शंभर मायक्रॉनचे. हा घोळ लिन्सी मार या अमेरिकी अभियंता बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी कागदपत्रं उकरून उघडकीला आणला.

तेव्हा मिस्टरांना सांगा, त्यांना आठवतंय ते सगळं खरं आहे. पण त्यावरून ‘कुणालाच काही माहीत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. बरंच काही कळलेलं आहे आणि ते तुमच्या घरात आज वापरता येण्याजोगं आहे.

माझ्या मनात घर करून राहिलेली एक घटना सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅली नावाचा भाग आहे. तिथलं एक हौशी गायकवृंद 10 मार्च 2020 च्या संध्याकाळी एका चर्चमध्ये तालमीला जमलं. 61 माणसं, बहुतेक साठी-सत्तरीची. दारात सॅनिटायझर ठेवलेलं. नेहमीची गळाभेट, हस्तांदोलन त्यांनी आपणहून टाळलं. अडीच तास गायले, मध्ये थोडं खाल्लं आणि घरी गेले. त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्याला धरून 53 जण आजारी पडले, दोघे गेले. माणसं बेफिकीर नव्हती. त्यांना सांगितलेली काळजी त्यांनी घेतली होती. फक्त ती काळजी हातांची होती आणि विषाणू गाण्यातून येत होता. मोठ्यानं गाताना, ओरडताना तोंडातून साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त सूक्ष्म कण बाहेर पडतात.

आता तुमच्या हॉलमध्ये तीस माणसं, पाऊस म्हणून खिडक्या बंद, एसी लावलेला, आणि ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत अर्धा-पाऊण तास टिपेच्या आवाजात आरती. माझं म्हणणं तुमच्या लक्षात आलं असेल.

आई आणि मिस्टर दोघांनाही हे पटवायचं असेल तर वाद घालू नका. नाना खाली फिरायला गेले की खिडक्या बंद करून हॉलच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावा. पाच मिनिटांत आतल्या खोलीतही वास जाईल. विझवल्यावरही तो किती वेळ रेंगाळतो ते बघा. मग हॉलची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी, समोरासमोरच्या दोन्ही उघडा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा आणि पुन्हा बघा. माणसाच्या श्वासातले कण त्या धुरासारखेच वागतात. उदबत्तीजवळ बसलेल्याला जास्त लागतो, लांबच्याला कमी, पण खोली बंद असेल तर थोड्या वेळानं सगळ्यांनाच लागतो. उघड्या गच्चीवर मात्र चार हातांवरच विरून जातो. (नाना घरात असताना हा प्रयोग करू नका. सीओपीडीच्या माणसाला धूर विषाणूइतकाच नडतो. गणपतीतही धूप, कापूर आणि उदबत्ती त्यांच्या बसायच्या जागेपासून लांब असू द्या.)

आता आईंबद्दल. त्यांना ‘हे सगळं उगाच करता’ असं कृपा करून कुणी म्हणू नका. घरातलं माणूस असं गेलं, त्याच्या तोंडात पाणीही घालता आलं नाही, आणि त्या दिवसांत टीव्हीवर चोवीस तास ‘हात धुवा, वस्तू पुसा’ एवढंच चाललेलं. त्यांनी ऐकलं आणि निष्ठेनं केलं. पिशव्या धुताना त्या उरलेल्या माणसांना जपत असतात. त्यांच्या हातून ते काम काढून घेतलंत तर ती भीती कुठे जाईल? त्यांना जास्त उपयोगाचं काम द्या. घरातल्या खिडक्या त्यांच्या ताब्यात द्या. पाहुणे आले की कुठली उघडायची, एसी कधी बंद करायचा, नानांची खुर्ची कुठे ठेवायची, हे त्यांनी ठरवायचं. जी बाई चार-पाच वर्षं एकही पिशवी न चुकता धुते, तिच्याइतकं नेटानं हे दुसरं कुणी करणार नाही.

पिशव्यांविषयी खरं काय ते मात्र त्यांना सांगायला हवं. वस्तूला हात लावून कोविड होण्याची शक्यता दर दहा हजार स्पर्शांत एकाहूनही कमी, असा अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल 2021 मध्ये दिला. कुरिअरचा खोका खुशाल लगेच उघडा. दुधाची पिशवी पाण्यानं धुवून घेणं ही चांगलीच सवय आहे, तिला कितीतरी हातांची आणि क्रेटची घाण लागलेली असते. तिचा तापाच्या साथीशी संबंध जोडायचा नाही, एवढंच.

आणि हात धुणं सोडायचं नाही. इथे मिस्टरांनी जरा थांबून ऐकावं, कारण सगळे विषाणू एकाच वाटेनं जात नाहीत. लहान मुलांच्या छातीत कफ भरवणारा आरएसव्ही नावाचा विषाणू असतो. 1981 मध्ये कॅरोलिन हॉल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याच्यावर एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांचे तीन गट केले. एका गटानं आजारी बाळाला कडेवर घेतलं, लंगोट बदलले, भरवलं. दुसऱ्या गटानं बाळ नसताना त्याच्या पाळण्याला, खेळण्यांना हात लावले आणि मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना. तिसरा गट बाळापासून सहा फुटांवर नुसता बसून राहिला. पहिल्या गटातल्या सातपैकी पाच जणांना लागण झाली, दुसऱ्यातल्या दहापैकी चौघांना. नुसत्या बसलेल्या चौदांपैकी एकालाही नाही. म्हणजे तिथे हात महत्त्वाचे.

याच्या अगदी उलट साध्या सर्दीचं. सर्दी हातांतूनच पसरते, असं कितीतरी डॉक्टर मानत होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सर्दी झालेल्या आणि न झालेल्या पुरुषांना एकत्र बसवून बारा-बारा तास पत्ते खेळायला लावलं. काही निरोगी माणसांच्या हातांना किंवा गळ्याभोवती असं काही बांधलं होतं की पत्ते टाकता येतील पण स्वतःच्या नाकाला हात लावता येणार नाही. तरी त्यातल्या अठरापैकी दहांना सर्दी झाली. मोकळ्या हातांनी खेळणाऱ्या अठरापैकी बारांना. मग ते शेंबडानं चिकट झालेले पत्ते दुसऱ्या खोलीत नेले आणि बारा नव्या माणसांना खेळायला दिले. त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा नाकाला हात लावायचा होता. एकालाही सर्दी झाली नाही! 1987 मध्ये हे छापून आलं. तरी 2020 मध्ये सगळं जग टेबलं पुसत बसलं होतं, हे आठवलं की मला आजही चैन पडत नाही.

फ्लू या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. जवळून येणारा श्वास आणि शिंतोडे, बंद खोलीतली हवा, थोडाफार हातांचा वाटा. यातला कुठला भाग किती यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत. तुम्हाला त्यांच्या निकालाची वाट बघायची गरज नाही. उघडी खिडकी आणि धुतलेले हात कुठल्याही बाजूनं निकाल लागला तरी चालतात, आणि दोन्हींना दमडी लागत नाही.

खिडकी उघडायची म्हटलं की दोन अडचणी येणार, त्या मला ठाऊक आहेत. पहिली डासांची. पावसाळ्यात डेंग्यूची भीती खरीच आहे, त्यामुळे जाळी बसवून घ्या. जाळीतून वारा थोडा कमी येतो, पण येतो. दुसरी नानांच्या गार वाऱ्याची. गार हवेनं सीओपीडीच्या माणसाला खोकला आणि धाप वाढू शकते, तेव्हा आई उगाच घाबरत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे नानांना झोताच्या वाटेत बसवायचं नाही. त्यांच्या अंगावर शाल, खुर्ची खिडकीपासून बाजूला, आणि हवा खोलीच्या दुसऱ्या अंगानं वाहती. दिवसभर सगळी उघडी नको. बाहेरचं कुणी आलं असेल किंवा घरात कुणाला सर्दी-ताप असेल तेव्हा पूर्ण, एरवी चार बोटं फट. पावसाची झड येत असेल तर त्या बाजूची बंद करून जिन्याकडचं दार आणि स्वयंपाकघर. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून लावला तर तो आतली हवा बाहेर ढकलतो, हे फार कमी लोक करतात. घरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच गार करून फिरवतो. नुसता छताचा पंखाही तेच करतो.

मुलाकडे वळते, कारण साथ घरात येणार ती बहुधा त्याच्याबरोबर. त्याला ताप आला की शाळा बंद. ताप उतरल्यावरही एक पूर्ण दिवस जाऊ द्या. तेवढे दिवस त्यानं नानांशेजारी झोपायचं नाही, त्यांच्या ताटातलं खायचं नाही. वन बीएचकेमध्ये वेगळी खोली कुठून आणायची, हे मला कळतं. तरी नाना आतल्या खोलीत आणि मुलगा तुमच्याबरोबर हॉलमध्ये, मध्ये दार लोटलेलं, दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, एवढं जमेल. त्याची सेवा करणारीनं, म्हणजे बहुतेक तुम्हीच, नानांजवळ जाताना नीट बसणारा एन-95 लावा. नाकाशी फट राहिली तर त्याचा अर्धा उपयोग जातो. मिस्टर लोकलनं येत-जात असतील तर या साथीपुरता त्यांनीही गाडीत लावावा. त्यांना कोविडबद्दल काही कबूल करायला लावू नका. ‘नानांसाठी महिनाभर’ एवढंच म्हणा.

गणपतीचं असं करा. नातेवाइकांना आत्ताच निरोप पाठवा: ‘बाप्पा येताहेत, सगळ्यांनी दर्शनाला यायचं आहे. नानांच्या तब्येतीमुळे यंदा एकदम गर्दी न करता सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशा वेळा वाटून घेऊ या. ज्यांना सर्दी, खोकला, ताप असेल त्यांनी बरं झाल्यावर या, तुमचा प्रसाद बाजूला ठेवलेला असेल.’ हा निरोप तुमच्या नावानं नको, मिस्टरांच्या किंवा खुद्द नानांच्या नावानं जाऊ दे. सुनेनं पाठवला तर ‘हिलाच माणसं नको झालीत’ असं म्हणायला चार जण टपलेले असतात, आणि पत्रातल्या रामायणावरून तुम्हाला त्याची धग लागलेलीच दिसते. आरतीच्या वेळी एसी बंद, खिडक्या-दार सताड उघडं. बरीच मंडळी जिन्याच्या पॅसेजमध्ये उभी राहिली तरी आरती आरतीच असते. गौरीजेवणाची पंगत सोसायटीच्या गच्चीवर मांडवाखाली घेता आली तर उत्तमच. नानांनी आरतीला घरच्या माणसांबरोबर पुढे बसावं, मास्क लावून, खिडकीच्या अंगाला, पण झोताच्या वाटेत नाही. पाहुण्यांची गर्दी झाली की आत जाऊन पडावं. त्यांनाही एकदा विचारा, त्यांना काय हवंय. तुमच्या पत्रात सगळ्यांचं म्हणणं आहे, त्यांचं मात्र नाही.

एक काम या आठवड्यातच करा. नानांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन फ्लूची या वर्षीची लस द्या. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून गणपतीच्या आदल्या दिवशी नेऊन उपयोग नाही. न्यूमोनियाची लस झाली आहे का, तेही विचारा. मुलाच्या फ्लूच्या लसीचं त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. नानांची ऑक्सिजनची नेहमीची पातळी किती आणि किती खाली गेली की दवाखाना गाठायचा, हे आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. सीओपीडीत ते आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, शेजाऱ्यांच्या आकड्यावर जाऊ नका. नानांना ताप आला तर ‘बघू दोन दिवस’ नको, त्याच दिवशी फोन करा. फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर सगळ्यात जास्त लागू पडतं. आणि जाताना त्यांचा पंप बरोबर न्या. कितीतरी पेशंट तो वर्षानुवर्षं चुकीचा ओढतात आणि निम्मं औषध जिभेवरच राहतं. डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा.